लग्नासाठी डिस्पोजेबल कॅमेरे घाऊक घेताय? खोक्यावरची तारीख आधी बघा

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई म्हटलं की हिरवी मिरची. उन्हाळ्यात हंगाम सुरू झाला की इथली मिरची परराज्यांत रवाना होते. लग्नसराईही त्याच सुमाराची, आणि लग्न म्हटलं की फोटोवाला आलाच.

आता इन्स्टाग्रामवरच्या लग्नांत टेबलावर छोटे फिल्म कॅमेरे ठेवलेले दिसतात. पाहुण्यांनीच फोटो काढायचे, शेवटी सगळे कॅमेरे गोळा करून रोल धुवायला द्यायचे. ते बघून तालुक्याच्या फोटोवाल्यालाही वाटतं, आपणही एक खोकं मागवावं. गिऱ्हाईक मिळेलही, पण हिशोब नीट बघायला हवा.

ही वस्तू तशी जुनीच. फुजीफिल्मनं १९८६ साली जपानमध्ये असा कॅमेरा आणला, पाठोपाठ कोडॅकही उतरलं. डिजिटल आल्यावर हा धंदा बसला आणि २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला. मग मोबाईलवर वाढलेल्या पिढीलाच फिल्मची हौस लागली. मागणी इतकी वाढली की नोव्हेंबर २०२४ मध्ये कोडॅकनं रॉचेस्टरमधलं फिल्मचं उत्पादन काही आठवडे थांबवून यंत्रणा सुधारून घेतली. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये याच कंपनीनं, कर्जामुळे आपण पुढे चालू राहू की नाही याबद्दल शंका असल्याचं जाहीर केलं. थोडक्यात, मागणी आहे, पण फिल्म बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे घाऊक घेतलं म्हणून भाव फार पडेल, ही आशा नको.

अमेरिकेत एक कॅमेरा साधारण १५ ते २० डॉलरला मिळतो. म्हणजे दहा टेबलांचे दहा कॅमेरे धरले तरी तेरा हजारांच्या पुढे, तेही आयात शुल्क आणि जीएसटी सोडून. एका कॅमेऱ्यात बहुधा २७ फोटो. रोल धुणं आणि स्कॅनिंग वेगळं.

खरी अडचण इथेच आहे. रंगीत फिल्म धुताना डेव्हलपर ३७.८ अंशांवर ठेवून सव्वातीन मिनिटं द्यावी लागतात. तापमान थोडं हललं तरी रंग बिघडतात. असे लॅब आता मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या शहरांतच उरलेत. रोल पाठवायचे, वाट बघायची आणि तोवर नवरीच्या घरून फोन घ्यायचे.

शिवाय फिल्म मिरचीसारखीच नाशवंत. मिरची दोन दिवसांत सुकलेली दिसते, फिल्म मात्र बंद डब्यात गुपचूप बिघडते. जालन्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या दुकानात किंवा गाडीच्या डिकीत खोकं पडून राहिलं, तर रंग उतरलेले फोटो हाती येतात. स्वस्तात मिळणारा माल अनेकदा मुदत संपत आलेला असतो.

दुसरी गोष्ट, वापरलेल्या कॅमेऱ्यांत नवी फिल्म भरून विकण्याचा धंदा जगभर चालतो. यावरून फुजीफिल्मनं १९९८ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली होती. २००१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं निकाल दिला की अमेरिकेतच आधी विकलेल्या कॅमेऱ्यात फिल्म भरणं ही दुरुस्ती आहे. म्हणजे असा माल सरसकट बेकायदा नाही, पण आत कुठली आणि किती जुनी फिल्म आहे हे बाहेरून कळत नाही. विक्रेत्याकडून फिल्मचं नाव आणि मुदत बिलावर लिहून घेतलेली बरी.

आणि पाहुणे? फ्लॅश चालू करायला निम्मे तरी विसरणार. केला तरी तो तीन-चार मीटरपर्यंतच पोचतो, म्हणजे रात्रीच्या मांडवात मागच्या रांगेतून स्टेजचा फोटो काळाच येणार. सप्तपदी पुन्हा काही होत नाही, त्यामुळे मुख्य फोटो डिजिटलवरच हवेत.

खोकं घेण्याआधी दोन कॅमेरे घरच्या हळदीत वापरून बघता येतात. रोल किती दिवसांत परत येतो, तेही त्यातच कळतं.