अंतराळविजयाचा अपुरा ताळेबंद

३ एप्रिल १९८४ रोजी स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा ‘सोयुझ टी-११’ यानातून अंतराळात गेले, हे आपल्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक असते. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर तर सर्वांना पाठ आहे. परंतु त्यांचे सहप्रवासी गेन्नादी स्त्रेकालोव्ह अवघ्या सहा महिन्यांपूर्वी, २६ सप्टेंबर १९८३ रोजी, प्रक्षेपणमंचावरच पेटलेल्या अग्निबाणातून थोडक्यात वाचले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? सोव्हिएत संघाने त्या वेळी या अपघाताची वाच्यता केली नव्हती. रशियन अंतराळप्रवासाच्या लोकप्रिय इतिहासात काय सांगितले जाते आणि काय गाळले जाते, याचा हा बोलका नमुना होय.

या इतिहासाचे ऋण मात्र आधी मान्य केले पाहिजे. एके काळी सोव्हिएत प्रकाशनांची सुबक मराठी भाषांतरे मुंबईच्या लोकवाङ्मय गृहामार्फत अल्प किमतीत मिळत. बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी शिक्षकाच्या खिशाला परवडणारे असे विज्ञानाचे पुस्तक मिळणे आजही सोपे नाही. अग्निबाणाचे गणित १९०३ साली मांडणारे त्सिओल्कोव्हस्की हे शाळामास्तर, गागारिन सुताराचे पुत्र आणि ओतकाम शिकलेले कारागीर, तर १९६३ साली अंतराळात जाणाऱ्या पहिल्या महिला तेरेश्कोव्हा या कापडगिरणीतील कामगार! कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडातील विद्यार्थ्याला हे विश्व परके न वाटता आपले वाटावे, ही कामगिरी सामान्य नव्हे.

तथापि अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे एक उणीव खटकते. या ताळेबंदात जमेची बाजू भरगच्च असून खर्चाची बाजू कोरी आहे. १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन यानासह न उतरता हवाई छत्रीने स्वतंत्रपणे उतरले, ही गोष्ट विक्रमाच्या नियमांना बाध येऊ नये म्हणून दडविण्यात आली. मुख्य अभिकल्पक कोरोल्योव्ह यांचे नाव जगाला कळले ते जानेवारी १९६६ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर. मार्च १९६१ मध्ये बोंदारेंको हा चोवीस वर्षांचा प्रशिक्षणार्थी ऑक्सिजनचे प्रमाण अधिक असलेल्या चाचणी-कक्षातील आगीत दगावला. ही हकीकत सोव्हिएत वृत्तपत्रांत आली १९८६ साली. दरम्यान जानेवारी १९६७ मध्ये तीन अमेरिकी अंतराळवीर शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या यानातील आगीतच मरण पावले. ती हकीकत आधी कळती तर ते वाचलेच असते, असा दावा करता येणार नाही. पण लपविलेल्या चुकीपासून दुसऱ्याला शिकता येत नाही, एवढे निश्चित.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. गागारिनपूर्वी अंतराळात गुप्तपणे मेलेले प्रवासी, १९६७ साली कोमारोव्ह यांनी मृत्यूपूर्वी काढलेले शिव्याशाप, अशा पुराव्याचा आधार नसलेल्या कथा पुस्तकांतून खपू लागल्या. स्तुतिपाठकाने दोष गाळले आणि सनसनाटीच्या लेखकाने दोष रचले. दोघांनीही वाचकाला कागदपत्रांपासून दूरच ठेवले. वस्तुतः कामानिन यांच्या रोजनिश्या आणि अभियंता चेर्तोक यांच्या आठवणी आता प्रसिद्ध झालेल्या आहेत. सिद्दिकी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा साधनांवरून हा इतिहास नव्याने मांडला आहे. हे धन मराठीत आणण्याचे काम मात्र अद्याप व्हावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ रशियाचा नाही. ‘गगनयान’साठी निवडलेल्या चार भारतीय वैमानिकांनी २०२०-२१ मध्ये रशियातील गागारिन केंद्रातच प्रशिक्षण घेतले. त्यांपैकी शुभांशु शुक्ला २०२५ साली आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर जाऊनही आले. उद्या आपल्या मोहिमेचा इतिहास मराठीत लिहिला जाईल. त्यात विलंब किती झाला, पैसा किती लागला, कोणती चाचणी फसली आणि का, हेही यावयास हवे. अपयशाची नोंद केल्याने राष्ट्राची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट पैसा पुरविणाऱ्या करदात्याचा तो हक्कच आहे. आपल्या विद्यार्थ्यांना वीरांची चरित्रे जरूर द्यावीत, पण त्या चरित्रांना खर्चाची बाजू विचारण्याची सवयही त्यांना लावावी.