लांब पल्ल्याची तबकडी निवडताना

गोल्फला काठी आणि चेंडू हवा, डिस्क गोल्फला फक्त तबकडी. ती फेकत फेकत साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. कमीत कमी फेकींत पोहोचेल तो विजेता. अमेरिकेत कॅलिफोर्नियात एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले.

पहिली फेक दूर जावी म्हणून ‘डिस्टन्स ड्रायव्हर’ वापरतात. नवखा खेळाडू हमखास सर्वांत वेगवान तबकडी उचलतो आणि तिथेच फसतो. तबकडीवर बहुधा चार आकडे असतात: वेग, तरंगणे, वळण आणि शेवटची ओढ. वेग १२ याचा अर्थ ती आपोआप वेगाने जाते असा नाही. तिला तितक्या जोराने फेकावे लागते. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याचा जोर कमी पडला, की ती लवकरच डावीकडे कोसळते.

‘डिस्ट्रॉयर’चे आकडे १२, ५, उणे १, ३, ‘साइडवाइंडर’चे ९, ५, उणे ३, १. दुसरीला जोर कमी लागतो, डावी ओढही कमी. म्हणून नवख्याच्या हातून तीच बहुधा दूर जाते.

वजनही पाहावे. १७५ ग्रॅमपेक्षा १५० ते १६० ग्रॅमची तबकडी सुरुवातीला सोपी. मात्र समोरच्या वाऱ्यात ती भरकटते. मुलांसाठी घेताना तर हलकीच घ्यावी.

आणखी एक, ड्रायव्हरची कड पातळ व टणक असते. समोर माणसे असतील तर थांबावे. दोन मिनिटे गेली तरी चालतील, कुणाचा डोळा जायला नको!