दोन मार्कांचं विज्ञान

आठवडाभर क्लायंटशी गोड बोलून झालं की शनिवारी कुणाशी तरी भांडावंसं वाटतं. आज पाळी सहावी ते आठवीच्या विज्ञानाची. म्हणजे विज्ञानाशी भांडण नाही हो, ते ज्या पद्धतीने शिकवलं जातं तिच्याशी आहे.

'उष्णता व तापमान यांतील फरक लिहा. (२ गुण)' हा प्रश्न आठवत नाही असा माणूस विरळा. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे उष्णता: ऊर्जेचा प्रकार, एकक ज्यूल. उजवीकडे तापमान: एकक अंश सेल्सिअस. झालं, दोन्ही मार्क खिशात! आता त्याच मुलाला विचारा, फुलबाजीच्या ठिणग्या हजार अंशांच्या घरात तापलेल्या असतात, त्या हातावर उडाल्या तरी जेमतेम टोचल्यासारखं होतं. मग गीझरचं ६० अंशांचं मगभर पाणी का पोळतं? कारण ठिणगीचं तापमान कितीही असलं तरी तिचा जीव केवढासा! तिच्याकडे द्यायला उष्णताच नाही. विझलेल्या फुलबाजीच्या तारेकडे मात्र असते, म्हणून तर आई ती पाण्याच्या बादलीत टाकायला लावते. फरक हा आहे. त्याला उभी रेघ लागत नाही, दिवाळी पुरते.

वेळेचंही तेच. 'दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो' हे आपण इतक्यांदा ऐकलंय की तपासून बघावंसंही वाटत नाही. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे, आणि आपण आहोत त्याच्या बरेच पश्चिमेला. रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटं. त्यामुळे सूर्याची खरी मध्यान्ह मुंबईत सरासरी ३९ मिनिटं उशिरा होते, पुण्यात साधारण ३५. आणि बरोब्बर डोक्यावर? ते वर्षातून फक्त दोन दिवस. हे कळायला काय लागतं? मैदानात रोवलेली एक काठी, तिची सावली आणि दर दहा मिनिटांनी खूण करणारी चार पोरं.

गतीबद्दल तर बोलायलाच नको. न्यूटनचे तीन नियम सगळ्यांना तोंडपाठ. सोमवारी कँटीनमध्ये एक प्रश्न टाकून बघा: चेंडू सरळ वर फेकला, सगळ्यात वरच्या टोकाला तो क्षणभर थांबला, तेव्हा त्याचं त्वरण किती? फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शनवाले बी.ई. सुद्धा 'शून्य' म्हणून शांतपणे चहाचा घोट घेतील. अहो, वेगही शून्य आणि त्वरणही शून्य, तर चेंडू तिथेच लटकून राहील, छताच्या पंख्यासारखा!

आता शिक्षकांवर घसरणं सगळ्यात सोपं. मी ते करणार नाही. साठ पोरांचा वर्ग, पोर्शन संपवायची घाई आणि हातात मॉडेल अ‍ॅन्सर. मुलाने फुलबाजीचं उदाहरण स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर मार्क द्यायचे कशाचे? खरा गुन्हेगार ही परीक्षा आहे. ती विचारते 'व्याख्या काय?' विज्ञान विचारतं 'कशावरून?'

एक दोरा आणि एक दगड घ्या. दगड टांगून हळूच झुलवा. वीस हेलकाव्यांचा वेळ मोजा आणि वीसने भागा. दोरा एक मीटर असेल तर एक पूर्ण हेलकावा साधारण २ सेकंदांचा. निम्म्या वेळात हवाय? दोरा अर्धा करून भागत नाही, पाव करावा लागतो, २५ सेंटिमीटर! दगड बदला, काही फरक नाही. यात गंमत अशी की प्रत्येक गटाचं उत्तर थोडं वेगळं येतं. मग वाद होतात, पुन्हा मोजावं लागतं. हा वाद म्हणजेच विज्ञान. आपल्याकडे तो टाळायला सीनियरची जर्नल्स असतात, त्यात उत्तर आधी आणि रीडिंग नंतर!

'हे सगळं आदर्शवादी आहे, आपल्याकडे नाही चालणार.' माहीत होतं, हे येणारच. पण हे करून झालंय. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात (आताचं नर्मदापुरम) १९७२ मध्ये सोळा ग्रामीण शाळांत सहावी ते आठवीसाठी असाच कार्यक्रम सुरू झाला. सरकारी शाळा, साधं सामान, मुलं गटागटाने प्रयोग करणार आणि परीक्षेला पुस्तक उघडं! शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा. पुढे तो शेकडो शाळांत पोचला. पुण्याच्या टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून खेळणी बनवायला लागले. तीस वर्षं चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारनेच बंद केला. म्हणजे 'चालत नाही' असं नाही, आपण चालू देत नाही.

आणि आपण म्हणजे आपणच, आयटीवाले. मुलगा सहावीत गेला की कोडिंगचा क्लास, रोबोटिक्सचं महागडं किट. त्या रोबोची चाल दोन पट्ट्यांमधलं अंतर आणि घड्याळ वापरून काढ म्हटलं तर मात्र 'ते सिलॅबसमध्ये नाहीये.' दोऱ्या-दगडाचं बिल येत नाही, म्हणून त्याची किंमतही वाटत नाही.

माझी मागणी एवढीच: आठवीपर्यंत विज्ञानाचे निम्मे मार्क मुलाने स्वतः मोजलेल्या गोष्टीला द्या, आणि उरलेल्या पेपरला पुस्तक उघडं ठेवा. हीच मुलं उद्या मतदान करतील, औषधं निवडतील, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीही पुढे ढकलतील. त्याआधी एकदा तरी 'कशावरून?' विचारायची सवय त्यांना लागलेली बरी. ती व्याख्या पाठ करून लागत नाही. बघा, पालकसभेत विषय काढून.