ग्रोटोपुढे कोणते झुडूप लावावे?



आपल्या धर्मग्रामातील एका ताईंची लेक अमेरिकेत, अलाबामा राज्यात राहते. तिने अंगणातल्या एका झुडपाचा फोटो पाठवला. तसेच झुडूप आपल्या चर्चच्या आवारात, मरियामातेच्या ग्रोटोपुढे लावावे, खर्च मी देईन, असे तिने कळवले. फोटो पाहून सगळे हरखले, मीही हरखलो. तरी मी 'नको' म्हणालो आणि ताईंना वाईट वाटले. म्हणून माझे म्हणणे इथे नीट लिहितो.

झुडपाचे नाव ओकलीफ हायड्रेंजिया. ओकच्या पानांसारखी खाचदार मोठी पाने, फांदीच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा निमुळता तुरा. तुरा जुना होतो तसा गुलाबी होतो आणि थंडीच्या तोंडावर पाने लाल-जांभळी होतात. आग्नेय अमेरिकेतल्या रानातले, ओढ्याकाठच्या सावलीतले हे झाड 1999 पासून अलाबामाचे राज्य-रानफूल आहे. त्याला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली लागते. बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर लागतो. माती किंचित आम्लधर्मी हवी, ओल कायम हवी, पण पाणी तुंबले की मुळे कुजतात.

आता आपले गुडीहत्नूर पाहा. कापसाची काळी जमीन, खाली चुनखडी. पावसाळ्यात पाय रुततो, मे महिन्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पारा 45 अंशांकडे जातो. आदिलाबादची थंडी कडक खरी, पण थोड्या दिवसांची.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी महाबळेश्वरहून साध्या हायड्रेंजियाची एक कुंडी आणली होती. नाताळाआधी आवार झाडताना ती ओबडधोबड दिसली, म्हणून मी सगळ्या फांद्या छाटल्या. त्या वर्षी एक फूल आले नाही. नंतर कळले की या झाडाच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या जुन्या फांदीवरच आधी धरतात. ओकलीफचेही तसेच. कात्री लावायची तर फुले सरताच, हिवाळ्यात नाही. मी नीटनेटकेपणाच्या हौसेने येणारी फुलेच कापली होती. उरलेले काम मे महिन्याने केले.

लूकच्या 13 व्या अध्यायातल्या माळ्याने अंजिरासाठी आणखी एक वर्ष मागितले होते, हे एका बंधूंनी मला सुनावले. बरोबर आहे. पण ते अंजीर आपल्याच मातीत उभे होते, आणि खणायचे, खत घालायचे काम माळ्याने स्वतःच्या अंगावर घेतले होते. आपल्याकडे बोअर दमल्यावर ग्रोटोपाशी पाणी कोण आणते? आपल्याच भगिनी, डोक्यावर कळशी घेऊन. हायड्रेंजिया या नावातच ग्रीक भाषेतले पाण्याचे भांडे आहे!

परक्या फुलाची ओढ मी चूक मानत नाही. विल्यम केरी यांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले. त्यांना झाडांचेही वेड होते. इंग्लंडहून आलेल्या बियांच्या पिशवीतली माती त्यांनी श्रीरामपूरच्या बागेत झटकली, तर त्यातून डेझीचे रोप उगवले. तीस वर्षांनी ते फूल दिसले, केरी हरखून गेले. पण ते टिकवायला त्यांना दर वर्षी नव्याने बी पेरावे लागे. ज्याला तेवढी हौस आहे त्याने घरी, सावलीत, कुंडीत जरूर करावे. आवारात मात्र नको.

मग ग्रोटोपुढे काय? माझे मत पांढऱ्या कुड्याला. आपल्या सागाच्या रानात तो आपोआप वाढतो. थंडीत पाने गाळतो आणि ऐन उन्हाळ्यात पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरतो. कालिदासाच्या यक्षाने मेघाला वाहिली ती हीच फुले. पहिली दोन वर्षे पाणी घालावे लागेल, पुढे फारसे नाही. त्याची साल आणि इंद्रजव आपल्या आजीला हगवणीवर ठाऊक होते. फक्त आपण त्याला बागेतले झाड मानत नाही, रानातले समजतो.

ताईंशी रविवारी मिस्सानंतर बोललो. लेकीला विचारते म्हणाल्या. ज्यांच्या शेताच्या बांधावर कुडा आहे त्यांनी जोडशेंगा वाळून फुटण्याआधी काढून मला आणून द्याव्यात. बी रेशमी धाग्यांवर उडून जाते. रोपे पहिल्या पावसानंतर लावू.