परिचारिकेच्या तासांचा हिशेब

अमेरिकेतील रुग्णालयांना ठरावीक मुदतीसाठी परिचारिका व तंत्रज्ञ पुरविणे हा तेथील मोठा व्यवसाय आहे. उमेदवार शोधणे, त्यांची कागदपत्रे तपासणे, वेतनाचा हिशेब ठेवणे यांपैकी पुष्कळ काम आता पुणे, अहमदाबाद, इंदूर येथील कार्यालयांतून रात्रपाळीत चालते आणि वाणिज्य शाखेचे पदवीधरही त्यात शिरू लागले आहेत. ज्यांना या कामात पुढची पायरी गाठावयाची आहे, त्यांच्यासाठी प्रमाणपत्र परीक्षा असतात. ‘अमेरिकन स्टाफिंग असोसिएशन’ ही तेथील व्यावसायिकांची संघटना अशा परीक्षा घेते. त्यांचा गाभा अमेरिकेचा कामगार कायदा हा होय.

बहुतेक परीक्षार्थी कायद्यांची नावे व वर्षे घोकतात. ती यावीत हे खरे. पण समोरच्या प्रसंगाला कायदा लावता येणे हे खरे काम आहे.

जादा कामाच्या मोबदल्याचेच पाहावे. 1938 च्या कायद्यानुसार आठवड्यात 40 तासांपलीकडच्या कामाला दीडपट दर द्यावा लागतो. रुग्णालयांना मात्र कर्मचाऱ्याशी आधी करार करून दुसरी पद्धत वापरता येते. तीत दिवसाला 8 किंवा 14 दिवसांत 80 तासांपलीकडचे काम जादा धरले जाते. आता एखादी परिचारिका आठवड्यात 12 तासांच्या तीन पाळ्या करते. एकूण तास 36. पहिल्या पद्धतीने जादा तास शून्य. दुसऱ्या पद्धतीने रोजचे 4 याप्रमाणे 12. उलट, पहिल्या आठवड्यात 8 तासांच्या सहा आणि दुसऱ्यात चार पाळ्या केल्या, तर पहिल्या पद्धतीने 8 तास जादा ठरतात, दुसऱ्या पद्धतीने एकही नाही. एकाच संस्थेने तिला दोन रुग्णालयांत प्रत्येकी 24 तास पाठविले असेल, तर वेतन देणारी संस्था एकच असल्याने 40 तासांच्या नियमाने 48 तासांची बेरीज करून 8 तासांचा जादा मोबदला द्यावा लागतो. अशी पाच-सहा उदाहरणे कागदावर सोडविली की नियम आपोआप लक्षात राहतो.

मुलाखतीचे नियमही असेच अभ्यासावेत. 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्याप्रमाणे नोकरीचा सशर्त प्रस्ताव देण्यापूर्वी उमेदवाराला आजारपणाविषयी विचारता येत नाही. ‘तुमची पाठ दुखते का?’ हा आपल्याकडे आपुलकीचा वाटणारा प्रश्न तेथे कायदेभंग ठरतो. ‘रुग्णाला उचलण्याचे हे काम तुम्हांला करता येईल का?’ असे विचारता येते.

1964 च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग व राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत भेद करण्यास मनाई केली आहे. रुग्णानेच विशिष्ट वंशाची परिचारिका नको म्हटले तर काय करावे? इंडियाना राज्यातील एका शुश्रूषागृहाच्या प्रकरणात 2010 मध्ये संघीय अपील न्यायालयाने स्पष्ट केले, की रुग्णाची अशी पसंती मालकाला ढाल म्हणून वापरता येणार नाही. ‘गिऱ्हाईक म्हणेल तसे’ या सवयीत वाढलेल्याने येथे थांबून विचार करावा.

परवान्याचा भाग सर्वांत जोखमीचा. अनेक राज्यांच्या आपसांतील करारामुळे एका परवान्यावर त्या सर्व राज्यांत काम करता येते. टेक्सास त्यात आहे, कॅलिफोर्निया नाही. म्हणून टेक्सासच्या परिचारिकेला कॅलिफोर्नियात पाठविण्यापूर्वी तेथील परवाना हवाच आणि त्याची खातरजमा राज्याच्या परिचर्या मंडळाच्या नोंदीतूनच झाली पाहिजे. उमेदवाराने धाडलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे तारणाची कागदपत्रे न पाहता कर्ज देणे होय. फरक इतकाच, की येथे पणाला लागतो तो खाटेवरच्या रुग्णाचा जीव.

तयारीसाठी आठवड्याला एक कायदा घ्यावा. त्यावर स्वतः तीन प्रसंग रचावेत, आणि दुकानातील नोकरांचा पगार सांभाळणाऱ्या वडिलांना किंवा काकांना ते मराठीत समजावून सांगावेत. त्यांच्या प्रश्नांना उत्तर देता आले, तर तो धडा पक्का झाला असे समजावे. अडखळायला झाले, तर तेच प्रकरण पुन्हा उघडावे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही ही सवय कामी येते, कारण रात्री दोन वाजता दूरध्वनीवर निर्णय घेताना पुस्तक उघडण्यास वेळ नसतो.