हातोडा लोकांचा, नफा वाहिनीचा

अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीवर २००३ च्या डिसेंबरपासून २०१२ पर्यंत 'एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन' हा रिॲलिटी कार्यक्रम चालला आणि २०२५ साली त्याच वाहिनीने त्याला पुन्हा जिवंत केले. एखादे संकटग्रस्त कुटुंब निवडायचे, त्याला आठवडाभर सहलीस धाडायचे, त्याचे मोडके घर पाडायचे आणि सात दिवसांत तेथे नवे घर उभे करायचे, असा त्याचा मूळ साचा. अखेरीस घरासमोर आडवी लावलेली बस जमावाच्या गर्जनेबरोबर बाजूला होते, कुटुंब रडते, प्रेक्षक रडतात. आणि मधूनमधून जाहिराती दाखविल्या जातात. दुःखाचीही येथे पारख होते. २००६ साली उघडकीस आलेल्या एका ई-पत्रात अमुक-अमुक दुर्मीळ आजार असलेली कुटुंबे शोधून द्यावीत, अशी चक्क यादीच होती.

हे घर बांधते कोण? पडद्यावर निवेदक आणि त्याचे मूठभर सजावटकार झळकतात. परंतु रात्रंदिवस पाळ्या करून मलबा उपसणारे, भिंती उभारणारे, रंग देणारे, जेवण वाढणारे लोक शेकड्यांनी असतात, कधी हजारांच्याही वर जातात. निळा सदरा आणि डोक्यावर पांढरे शिरस्त्राण ही त्यांची ओळख. त्यांना मजुरी नाही. स्थानिक बांधकाम कंपनी आपले पोटकंत्राटदार व पुरवठादार जमविते, सामान 'देणगी' म्हणून येते आणि मोबदल्यात कंपनीचे नाव देशभर पोहोचते. सिअर्ससारखी दुकानांची साखळी पहिल्या काळात प्रायोजक होऊन आपला माल नव्या घरात मांडून दाखवीत असे. घर उभारण्याचा बोजा गाव उचलते; जाहिरातींचे उत्पन्न मात्र वाहिनीकडे, म्हणजेच तिची मालक असलेल्या डिस्ने कंपनीकडे जाते.

या स्वयंसेवकांना भोळसट म्हणून हिणविणे सोपे आहे आणि सर्वस्वी चूक आहे. दिवसभर कामावर राबून रात्री शेजाऱ्याच्या घरासाठी हातोडा उचलणारा सुतार प्रसिद्धीसाठी येत नाही. बहुतेकांचा चेहराही पडद्यावर दिसत नाही. शेजारधर्म त्याला तेथे आणतो. ज्या समाजात आजारपण कुटुंबाला कर्जात बुडविते आणि घराची हमी कोणीच देत नाही, तेथे ही परस्परसाहाय्याची भावना कष्टकऱ्यांची मोलाची ठेव आहे. आक्षेप आहे तो या ठेवीवर व्याज खाणाऱ्यावर.

कारण हा व्यवहार दानधर्माचा नाही, हे खुद्द निर्मात्यांच्या हिशेबावरूनच दिसते. अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यानुसार राहते घर वर्षातून पंधरा दिवसांहून कमी काळ भाड्याने दिले, तर त्या भाड्यावर कर लागत नाही. कार्यक्रमाच्या पहिल्या काळात निर्मात्यांनी याच तरतुदीचा आधार घेतला : घर चित्रीकरणासाठी भाड्याने घेतले आणि त्यातील सुधारणा हेच भाडे! कर भरण्याची वेळ आली की ती जागा धंद्याची, आणि मजुरी देण्याची वेळ आली की तीच जागा पुण्यकर्माची, हे कसे?

या प्रश्नाला अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात उत्तर दिलेले आहे. अलामो फाउंडेशन ही धार्मिक संस्था पेट्रोलपंप, दुकाने असे धंदे चालवीत असे आणि कामकऱ्यांना वेतनाऐवजी अन्न, वस्त्र व निवारा देत असे. आम्ही स्वेच्छेने राबतो, असे त्या कामकऱ्यांनी स्वतःच न्यायालयात सांगितले. तरीही १९३८ चा किमान वेतनाचा कायदा त्यांना लागू आहे, असा निर्णय न्यायालयाने एकमताने दिला. 'स्वेच्छे'ची सबब एकदा मान्य केली, तर मालक आपल्या बळावर कामगारांकडून ती वदवून घेतील आणि बाजारातील इतरांची मजुरीही खाली ओढली जाईल, हे त्यामागील कारण कोणाही कामगार कार्यकर्त्याला ओळखीचे वाटेल.

मजुरी खाली ओढण्याची प्रक्रिया या धंद्यात सर्वत्र दिसते. रिॲलिटी कार्यक्रमांना लेखक नसतात, असा मालकांचा दावा. म्हणून कराराचे संरक्षणही नाही. २००६ मध्ये 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल' या कार्यक्रमाच्या बारा कथा-संयोजकांनी संघटनेच्या मान्यतेसाठी संप केला. कार्यक्रम त्यांच्यावाचून चालू ठेवण्यात आला आणि त्यांच्या जागाच गेल्या. २००७-०८ च्या मोठ्या संपातही लेखक संघटनेला रिॲलिटी कार्यक्रमांविषयीची मागणी सोडून द्यावी लागली. उलट २०१० मध्ये 'द बिगेस्ट लूझर'च्या तंत्रज्ञांनी काम बंद पाडले आणि संघटनेचा करार पदरात पाडून घेतला. पडद्यामागचा माणूस थांबला की पडदा थांबतो, हे मालकांना चांगले ठाऊक असते.

आणि त्या घरांचे पुढे काय होते? जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ २००५ साली अठराशेहून अधिक लोकांनी एक घर उभारण्यास हात लावला. त्या कुटुंबाने पुढे धंद्यासाठी हे घर तारण ठेवून साडेचार लाख डॉलर्सचे कर्ज काढले, धंदा बुडाला आणि २००८ मध्ये घर लिलावास निघाले. अठराशे लोकांच्या फुकट श्रमांतून निर्माण झालेल्या मूल्यावर अखेर बँकेचा हक्क लागला!

महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावोगाव श्रमदान झाले आणि त्याचेही दूरचित्रवाणीवर दर्शन घडले. दोन्ही गोष्टी एकच, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल; तेथे अडविलेले पाणी गावाच्या शिवारातच राहिले. मात्र चर खणणाऱ्या भूमिहीन शेतमजुराच्या वाट्याला त्या पाण्यापैकी किती आले, हा प्रश्न तेथेही विचारलाच पाहिजे.

फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००९ मध्ये एका रिॲलिटी कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांना कामगार ठरविले; त्यांची करमणूक चालली आहे, हा निर्मात्यांचा बचाव टिकला नाही. अमेरिकेतही डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाने 'लव्ह इज ब्लाइंड'च्या निर्मात्यांविरुद्ध, स्पर्धक हे कर्मचारीच आहेत या भूमिकेवरून, तक्रार दाखल केली. ही दोन्ही पावले कॅमेऱ्यासमोरच्यांसाठी पडली. निळ्या सदऱ्यातील माणसाचे प्रकरण अद्याप कोणी न्यायालयात नेलेले दिसत नाही.