पुण्याजवळचं गाव निवडताय? किलोमीटर मोजू नका, शेवटची गाडी कधी ते बघा

जून तोंडावर आला की आपल्या भागात एक चित्र दरवर्षी दिसतं. छोटा टेम्पो, त्यात लोखंडी कपाट, गॅसची टाकी, पोराची सायकल आणि पुढच्या सीटवर बायकामुलं. शाळा सुरू व्हायच्या आत कुटुंब हलवायचं असतं. कुणी भोरच्या खोऱ्यातून, कुणी जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातून, कुणी मराठवाड्यातून निघालेलं असतं. नोकरी पुणे, चाकण, रांजणगाव नाहीतर कुरकुंभला. शहरात राहणं परवडत नाही आणि मूळ गावाहून रोज येणं जमत नाही. मग मधलं एखादं गाव शोधायचं.

हे गाव बहुतेक जण कसं निवडतात? नात्यातला कुणीतरी तिथं आधी गेलेला असतो, खोली स्वस्त मिळते आणि "पुणं इथनं फक्त पस्तीस किलोमीटर" असं सांगितलं जातं. निर्णय होतो. पण पुढची दहा-पंधरा वर्षं त्या एका निर्णयावर जातात. म्हणून हा हिशेब नीट मांडायला हवा.

अंतर घड्याळात मोजा

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण आणि नगर रस्त्यावर वाघोली, या दोन ठिकाणी संध्याकाळी अडकलेल्या माणसाला किलोमीटरचा काय उपयोग नाही हे सांगावं लागत नाही. सोलापूर रस्त्यावरून हडपसरला शिरतानाही तेच. रविवारी दुपारी गाडी घेऊन गेलात तर पाऊण तासात पोचाल. सोमवारी सकाळी तेच अंतर दीड तास खातं.

साधं गणित करू. कामाचं ठिकाण चाळीस किलोमीटरवर आहे. रोजचे जाऊन-येऊन ऐंशी, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर 2,000 किलोमीटर. मोटारसायकल लिटरला पन्नास देते असं धरलं तरी 40 लिटर पेट्रोल. शंभरच्या वर भाव, म्हणजे चार हजारांहून जास्त फक्त टाकीत गेले. टायर, ऑइल, चेन-स्प्रॉकेट वेगळं. खोलीभाड्यात जे दोन-तीन हजार वाचवले, ते रस्त्यावर सांडले.

वेळेचं गणित याहून कडू आहे. रोजचे तीन तास प्रवासात गेले तर महिन्याला 75 तास. आठ तासांची एक पाळी धरली तर नऊ पाळ्या झाल्या. म्हणजे महिन्यातून नऊ दिवस माणूस बिनपगारी राबतो. आणि अंधारात, पावसात, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून रोज मोटारसायकल चालवणं यात जिवाची जोखीम आहे, ती कुठल्याच हिशेबात धरता येत नाही.

म्हणून गाव ठरवण्याआधी एक करा. ज्या पाळीला जायचंय त्याच वेळेला, कामाच्या दिवशी, दोनदा जाऊन या.

रूळ असलेलं गाव आणि रूळ नसलेलं गाव

पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून धावते. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली ही मावळातली गावं तिच्यामुळं शहराशी बांधली गेली. इकडं पूर्वेला पुणे-दौंड हा 75 किलोमीटरचा पट्टा. लोणी, उरुळी कांचन, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस अशी स्टेशनं. या गावांतून रोज हजारो माणसं पुण्याला जातात. महिन्याचा पास काही शे रुपयांत निघतो, मोटारसायकलच्या खर्चाच्या पासंगालाही तो पुरत नाही. विजेवरच्या गाड्यांसाठी तारा आल्या, तरी या मार्गाला लोणावळ्यासारखा उपनगरी दर्जा मिळावा ही प्रवाशांची मागणी जुनीच आहे.

पण रेल्वेच्या गावातही दोन गोष्टी विचारा. एक, तुमची पाळी सुटल्यावर गाडी आहे का? दुसरी पाळी रात्री अकरा-बाराला सुटत असेल तर पास खिशात असून उपयोग नाही. दोन, कुठल्या एक्स्प्रेसमध्ये पास चालतो आणि कुठल्या नाही, हे रोज जाणाऱ्यांना विचारून घ्या.

एमआयडीसीत कायम असाल तर रेल्वेपेक्षा कंपनीची बस महत्त्वाची. बस कुठल्या थांब्यापर्यंत येते ते बघा आणि तिथून चालत दहा मिनिटांत घर येईल असं गाव धरा. नगर आणि नाशिक रस्त्याच्या बाजूला, शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. रात्रपाळीच्या माणसाला थांब्यापासून वस्तीपर्यंत दोन किलोमीटर उसातून जायचं असेल, तर ते भाडं कितीही कमी असलं तरी महागच.

घरातल्या बाईचा आणि पोरांचा हिशेब कोण करतो?

गाव निवडताना कमावत्या माणसाचीच सोय बघितली जाते. तो तर सकाळी निघतो आणि रात्री येतो. गावात दिवसभर राहायचं असतं ते बायकोला, आई-वडिलांना आणि मुलांना.

झेडपीची शाळा चौथीपर्यंत आहे की सातवी-आठवीपर्यंत? पुढं हायस्कूल आणि ज्युनिअर कॉलेज किती लांब? ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. या सवलती चांगल्याच आहेत, पण गावात एसटीच येत नसेल तर सवलत कागदावर राहते. गावात दिवसातून किती फेऱ्या येतात आणि कॉलेज सुटल्यानंतरची गाडी आहे का, हे थांब्यावर बसलेल्या पोरींना विचारा. त्या खरं सांगतात.

दवाखान्याचंही तसंच. सरकारी निकषानं साध्या भागात 5,000 लोकसंख्येला उपकेंद्र आणि 30,000 ला प्राथमिक आरोग्य केंद्र. म्हणजे प्रत्येक गावात डॉक्टर असणार नाही. घरात बाळंतपण असेल, बीपी-शुगरचं माणूस असेल, तर आरोग्य केंद्र जवळचं गाव धरावं.

मे महिन्यात पाणी, पावसाळ्यात रस्ता

दिवाळीत गाव बघायला गेलात तर सगळीच गावं हिरवी दिसतात. गाव बघावं मे महिन्यात. नळाला किती दिवसाआड पाणी येतं, टँकर लागतो का, बोअर किती फुटांवर गेलंय हे तेव्हा कळतं. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी घरात द्यायचं ठरलंय. टाकी बांधलेली दिसते, पाइप पुरलेला दिसतो, पण नळाला पाणी येतं का ते शेजारणीला विचारल्याशिवाय कळत नाही.

पाणी आलं म्हणजे ते पिण्याजोगं असतंच असंही नाही. मुळा-मुठेच्या काठच्या गावांना शहराचं सांडपाणी काय करतं ते आम्ही रोज बघतो. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हाही बोट पाण्याकडंच गेलं. आणि ही गावं तेव्हा महापालिकेत होती.

विजेचंही विचारा. खोली गावठाणात आहे का मळ्यातल्या वस्तीवर? गावठाणाचा फीडर वेगळा असतो आणि शेतीपंपाचा वेगळा. शेतीच्या फीडरवरच्या वस्तीला काय लाइट मिळते, हे पोराची परीक्षा तोंडावर आली की समजतं.

आज ग्रामपंचायत, उद्या महापालिका

शहराला चिकटून असलेलं गाव निवडताना ते पाच वर्षांनी गाव राहणार आहे का हेही बघावं लागतं. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 गावं गेली आणि 2021 मध्ये आणखी 23. वाघोली त्यातलीच. नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. समाविष्ट गावांतला अनुभव असा की कराचं बिल लवकर येतं, ड्रेनेज आणि पाणी मागनं येतं. करावरून तिथं आंदोलनंही झाली.

पुरंदरमध्ये विमानतळासाठी पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी या सात गावांची नावं पुढं आली. रिंगरोडचं भूसंपादनही अनेक गावांतून आहे. अशा गावात आणि आजूबाजूला एजंट "भाव वाढणार" म्हणून प्लॉट गळ्यात मारतात.

प्लॉट घ्यायची घाई नको

सगळ्यात मोठी फसगत इथं होते. भाड्यानं राहायला गेलेला माणूस वर्षभरात एक-दोन गुंठ्याच्या मागं लागतो. त्याआधी एवढं ध्यानात ठेवा:

- कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणं शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.
- तुकडेबंदी कायदा 1947 चा आहे. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे केलं. 2025 मध्ये जुने तुकडे नियमित करण्याची पावलं सरकारनं उचलली, पण ती सरसकट सगळ्या जमिनीला आणि नव्या व्यवहाराला लागू नाहीत. "आता सगळं मोकळं झालंय" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.
- दहा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक लागली म्हणजे तुमचा तुकडा वेगळा झाला असं नाही.
- नोटरीच्या कागदानं मालकी येत नाही.
- पीएमआरडीएच्या हद्दीत बांधकामाची परवानगी पीएमआरडीएकडून लागते. झोन दाखला काढून बघा.
- प्लॉटपर्यंतचा रस्ता नकाशात आहे का बांधावरून आहे, हे तलाठ्याकडं तपासा.

माझं मत स्पष्ट आहे. आधी एक वर्ष भाड्यानं राहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्या गावात काढा. मग ठरवा.

राहणाऱ्या गावाचंही काहीतरी देणं लागतं

आता आपल्या बाजूनं बोलू. आपल्यातल्या अनेकांनी रस्त्याकडंला पत्र्याच्या खोल्या काढल्या. दहा खोल्यांना एक बोअर, एक शोषखड्डा. भाडं चांगलं येतं. पण त्याच गावची ग्रामपंचायत जुन्या लोकसंख्येच्या हिशेबानं पाणी सोडते आणि कचरा ओढ्यात जातो. भाडेकरू इथं राहतो, त्याचं मत मात्र मूळ गावच्या यादीत असतं. म्हणून त्याचं कुणी ऐकत नाही आणि तोही ग्रामसभेला येत नाही. यात नुकसान दोघांचं आहे. खोलीमालकानं शोषखड्डा नीट करावा. भाडेकरूनं वर्ष-दोन वर्ष राहायचं ठरलं की मतदार यादीत नाव इकडं करून घ्यावं आणि ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न विचारावा.

आणि खरं सांगायचं तर चांगलं गाव शोधायची ही धावपळ कमी होऊ शकते. मूळ गावातून पहाटे पाचला एक आणि रात्री नऊला एक एसटी मिळाली, दौंड मार्गावर पाळीच्या वेळेला गाड्या वाढल्या, तर टेम्पोत संसार भरणाऱ्या निम्म्या घरांना हलावंच लागणार नाही. मतं मागायला जो कोणी दारात येईल त्याला सभामंडप आणि कमान मागू नका. शेवटची गाडी किती वाजता करणार, तेवढं विचारा.